आजोळचे ऋण : न्यायमूर्ती डॉ. मुकुंदराव जयकर

मुंबई शहराच्या घडणीत आपल्या पाठारे प्रभू ज्ञातीचा वाटा तिच्या संख्येच्या मानाने पुष्कळच मोठा आहे. चित्रकलेत रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर, वनौषधींच्या अभ्यासात डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर ही नावे घराघरांतून आदराने घेतली जातात. कायदा, राजकारण आणि शिक्षण ह्या तिन्ही क्षेत्रांत ज्यांनी आपले नाव अखिल भारतात नेले, ते न्यायमूर्ती डॉ. मुकुंद रामराव जयकर मात्र आज नव्या पिढीस केवळ एका ग्रंथालयाच्या नावापुरते ठाऊक आहेत. ता. १० मार्च १९५९ रोजी ते निवर्तले. त्यास आता सहा तपांच्या आसपास काळ लोटत आला. ह्या अंकाच्या निमित्ताने त्यांचे स्मरण करावे असे आम्ही योजिले, ह्यास एक खाजगी कारणही आहे.

आम्ही पुण्यास विद्यापीठात शिकत होतो, तेव्हा आमचे दिवसचे दिवस जयकर ग्रंथालयात जात. त्या नावाचा आम्ही कधी विचार केला नव्हता. दिवाळीच्या सुटीत मुंबईस घरी आलो असता आजोबांनी अभ्यासाची चौकशी केली, आणि आम्ही ग्रंथालयाचे नाव सांगताच हे जयकर कोण, असा प्रश्न त्यांनी विचारला. आम्हांस उत्तर देता आले नाही. आजोबा रागावले नाहीत. पण त्या दिवशी भानोळ्याचे ताट पुढे असतानाही आमच्या घशाखाली घास सहज उतरला नाही, हे आठवते. रात्री त्यांनी आम्हांस जवळ बसवून जयकरांची हकीकत सांगितली. सांगताना ते वारंवार जयकरांकडून जयकरांच्या आजोबांकडे वळत. एवढ्या मोठ्या पुरुषाच्या कथेत त्याच्या आजोबांचे एवढे काय, असे तेव्हा आम्हांस वाटले. आज आम्ही स्वतः नातवंडांत वावरतो, आणि त्या वळण्याचा अर्थ थोडाफार उमगू लागला आहे.

आजोळ

मुकुंदरावांचा जन्म ता. १३ नोव्हेंबर १८७३ चा. वडिलांचे नाव रामराव, आईचे सोनाबाई. त्यांचे संगोपन झाले ते मात्र आईच्या वडिलांच्या, म्हणजे रावबहादूर वासुदेव जगन्नाथ कीर्तिकर ह्यांच्या छायेत. कीर्तिकर हे मुंबई उच्च न्यायालयात सरकारी वकील होते. एतद्देशीय गृहस्थास त्या काळी ते पद मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हती. दिवसा कायद्याचे काम आणि त्यातून उरलेला वेळ वेदान्ताच्या चिंतनात, असा त्यांच्या आयुष्याचा क्रम होता. शांकर वेदान्ताचा अभ्यास त्यांनी भाविकपणे केला, तसाच चिकित्सकपणेही केला. आणि अद्वैताचे सिद्धान्त पाश्चात्य तत्त्ववेत्त्यांच्या विचारांशेजारी ठेवून पाहण्याची त्यांची रीत होती. आपले ते श्रेष्ठ आणि परके ते कनिष्ठ, अथवा त्याच्या उलट, असा आधीच निकाल देऊन ठेवलेल्या त्या काळात दोन्ही बाजू सारख्या आदराने वाचणारा हा पुरुष विरळाच म्हणावयाचा.

आजोळ हा शब्द आपल्या भाषेत किती गोड आहे! परंतु जुन्या रूढीकडे पाहिले तर आजोळचा आणि नातवाचा संबंध मोठा चमत्कारिक होता. मुलीचा मुलगा आडनाव चालवीत नसे, आणि वाडवडिलार्जित इस्टेटीत मुलग्यांच्या मागे त्याचा हक्क क्वचितच पोचत असे. म्हणून मातामहाने दौहित्रावर केलेल्या श्रमांत परतफेडीची अपेक्षा बहुधा नसे. कीर्तिकरांनी जयकरांस घडविले ते ह्याच निरपेक्ष बुद्धीने. नातवास मिळालेली मिळकत म्हटली तर ती एवढीच : घरात पुस्तके होती, घरात कायद्याची भाषा होती, आणि एकाच प्रश्नाकडे दोन दिशांनी पाहणारा एक वडीलधारा माणूस समोर होता.

शिक्षक आणि बॅरिस्टर

मुंबई विद्यापीठाच्या एम्. ए. व एल्एल्. बी. ह्या पदव्या संपादन केल्यावर मुकुंदराव लगोलग वकिलीच्या मागे लागले नाहीत. १८९७ साली आर्यन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली; तिच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत ते होते, आणि तिच्या शाळेत त्यांनी काही वर्षे शिकविण्याचे कामही केले. सरकारी वकिलाच्या घरात वाढलेल्या पदवीधर तरुणाने चांगल्या मिळकतीचा धंदा बाजूस ठेवून गिरगावात मुलांस शिकवीत बसावे, हे त्या काळच्या व्यवहारी माणसांस रुचले असेल असे वाटत नाही. पुढे ते विलायतेस गेले आणि बॅरिस्टर होऊन १९०५ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करू लागले. भाषेवरील प्रभुत्व, विषयाची बारकाईने मांडणी आणि सौम्य पण ठाम वाणी ह्यांमुळे थोड्याच वर्षांत पहिल्या प्रतीच्या बॅरिस्टरांत त्यांची गणना होऊ लागली. होमरूलच्या चळवळीपासून ते राजकारणात उतरले. त्यांच्यातील शिक्षक मात्र तसाच राहिला, हे त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या पर्वात दिसून यावयाचे होते.

पंजाबची चौकशी

ता. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला. सरकारने हंटरसाहेबांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, तेव्हा काँग्रेसने आपली स्वतंत्र समिती नेमली. पंडित मोतीलाल नेहरू काँग्रेसचे अध्यक्ष निवडले गेल्यामुळे समितीतून बाहेर पडले आणि त्यांच्या जागी मुकुंदराव आले. महात्मा गांधी, देशबंधू चित्तरंजन दास आणि बडोद्याचे निवृत्त न्यायाधीश अब्बास तय्यबजी हे त्यांचे सहकारी. ह्या मंडळींनी पंजाबात ठाण मांडले आणि गावोगावच्या लोकांच्या जबान्या घेतल्या. सतराशेहून अधिक साक्षी तपासण्यात आल्या. त्यांपैकी निवडक अशा सुमारे साडेसहाशे अहवालाबरोबर छापल्या गेल्या. मार्च १९२० मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला.

ह्या आकड्यांकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. सारा देश संतापाने पेटलेला असताना हाती आलेली प्रत्येक हकीकत छापून टाकणे सोपे होते. समितीने तसे केले नाही. जी साक्ष कसोटीस उतरली नाही ती वगळली. अन्याय झाला हे ठाऊक असतानाही पुरावा पारखून घ्यावयाचा, ही न्यायाधीशाची वृत्ती होय. मुकुंदराव न्यायासनावर बसण्यास अजून सतरा-अठरा वर्षे अवकाश होता. पण त्या आसनाची योग्यता त्यांनी पंजाबच्या धुळीत मिळविली असे आम्हांस वाटते.

धामधुमीतील एक ग्रंथ

१९२३ साली मुकुंदराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून आले आणि तेथील स्वराज्य पक्षाचे नेते झाले. सभा, दौरे, कौन्सिलातील भाषणे, पक्षातील वाद ह्यांनी ती वर्षे भरून गेली होती. अशा धामधुमीत, १९२४ साली, मुंबईस एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. नाव ‘स्टडीज इन वेदान्त’, लेखक कै. वासुदेव जगन्नाथ कीर्तिकर. संपादक मुकुंद रामराव जयकर. आजोबांनी मागे ठेवलेले वेदान्तविषयक निबंध नातवाने एकत्र केले, नीट लावले आणि छापून काढले होते.

मुकुंदरावांचे वय तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. ह्या ग्रंथाने एकही मत वाढणार नव्हते आणि एकही अशील मिळणार नव्हते. ज्यांचे ऋण होते ते ते फेडून घेण्यास हयात नव्हते. अशा वेळी मुद्रिते तपासीत बसलेल्या त्या पुढाऱ्याचे चित्र आम्हांस त्यांच्या कोणत्याही राजकीय विजयापेक्षा मोठे वाटते. कीर्तिकर आडनावाचा ग्रंथ जयकर आडनावाच्या नातवाने जगापुढे ठेविला. रूढीने जो संबंध तोडलेला होता, तो ह्या मुखपृष्ठावर जोडला गेला.

एक प्रतिकूल निकाल

चरित्रलेखकाने नायकाचे गुणच तेवढे गावेत, अशी आपल्याकडे समजूत आहे. आम्हांस ती मान्य नाही, आणि न्यायाधीशाच्या चरित्रात तर ती शोभतही नाही.

१९२५ साली मध्यप्रांतातील श्रीपाद बळवंत तांबे ह्यांनी सरकारी कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली, त्यावरून स्वराज्य पक्षात मोठा वाद माजला. नरसिंह चिंतामण केळकर, डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे आणि मुकुंदराव ह्यांनी वेगळे होऊन प्रतियोगी सहकारितेचा पक्ष काढला. ह्याच सुमारास मुकुंदराव हिंदू संघटनेच्या चळवळीकडे ओढले गेले. १९२८ च्या डिसेंबरात कलकत्त्यास सर्वपक्षीय परिषद भरली. नेहरू अहवालावर विचार चालू असता बॅरिस्टर महंमद अली जीना ह्यांनी मुसलमानांच्या वतीने काही दुरुस्त्या मांडल्या; मध्यवर्ती कायदेमंडळात एकतृतीयांश जागा ही त्यांतील एक. सर तेज बहादुर सप्रू ह्यांचे म्हणणे होते की, समेटासाठी एवढे द्यावे आणि प्रश्न मिटवावा. मुकुंदरावांनी ह्यास कसून विरोध केला. जीनांच्या पाठीशी सारा मुसलमान समाज नाही, आणि आता तडजोड फिरविली तर हिंदू समाज बिथरेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या, आणि जीना त्या परिषदेतून दुरावून परतले.

पुढे जे घडले ते सर्वांस विदित आहे. त्या एका दिवसामुळे देशाची फाळणी झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल; एवढ्या मोठ्या घटनेस एकच कारण नसते, आणि त्या परिषदेत विरोध करणारे मुकुंदराव एकटेच नव्हते. तथापि ती संधी होती आणि ती हातची गेली, असे अनेक इतिहासकार मानतात. त्या दिवशी मुकुंदराव वकील होते, न्यायाधीश नव्हते. त्यांनी आपल्या पक्षाची बाजू उत्तम मांडली. दुसरी बाजू ऐकण्याची आजोळची शिकवण मात्र त्या घटकेस मागे पडली, असे आम्हांस नम्रपणे वाटते.

मध्यस्थाचे प्राक्तन

ह्यानंतरच्या काळात, त्याच सप्रूंच्या जोडीने, मुकुंदरावांनी जी भूमिका पत्करली ती मध्यस्थाची होती. १९३० च्या उन्हाळ्यात मिठाचा सत्याग्रह ऐन भरात होता आणि सर्व प्रमुख पुढारी तुरुंगात होते. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन ह्यांची संमती घेऊन सप्रू आणि जयकर तुरुंगांच्या वाऱ्या करू लागले. नैनीच्या तुरुंगातून मोतीलाल व जवाहरलाल ह्या पितापुत्रांस खास गाडीने येरवड्यास आणण्यात आले, आणि ऑगस्टच्या मध्यास गांधीजींसमवेत बोलणी झाली. ती फिसकटली. सरकारी गोटाने जयकरांस काँग्रेसधार्जिणे म्हटले, काँग्रेसच्या गोटाने सरकारधार्जिणे म्हटले. दोन भांडणाऱ्यांच्या मध्ये उभ्या राहणाऱ्यास दोन्हीकडचे धक्के खावे लागतात, हे आपल्या घरगुती वाटण्यांत मध्यस्थी केलेल्या कोणाही वडिलधाऱ्यास सांगावयास नको.

परंतु हे श्रम अगदीच वाया गेले नाहीत. पहिल्या गोलमेज परिषदेहून परतताच, १९३१ च्या फेब्रुवारीत, सप्रू, जयकर आणि श्रीनिवास शास्त्री ह्यांनी पुन्हा खटपट चालविली, आणि ता. ५ मार्च रोजी गांधी-आयर्विन करार झाला. मुकुंदराव तिन्ही गोलमेज परिषदांस उपस्थित होते, आणि संघराज्याच्या घटनेचा कच्चा विचार ज्या समितीत झाला तीत त्यांनी मन लावून काम केले. ता. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यास पुणे करार झाला. गांधीजींचे प्राण पणास लागलेले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसमोर आपल्या समाजाच्या हक्कांचा प्रश्न, अशा त्या कठीण प्रसंगी वाटाघाटींत भाग घेऊन करारावर सही करणाऱ्यांत मुकुंदरावही होते.

रस्ते आणि पेट्रोल

राजकारणाच्या गदारोळात त्यांचे एक विधायक काम लोक विसरले. १९२७ साली हिंदुस्थानातील रस्त्यांचा विचार करण्यासाठी एक समिती नेमण्यात आली, तिचे अध्यक्ष मुकुंदराव होते. तिचे नावच पुढे जयकर समिती असे पडले. मोटारी वाढल्या, लांबचे रस्ते राखणे प्रांतांच्या व लोकलबोर्डांच्या आवाक्याबाहेर गेले, म्हणून रस्ता हा राष्ट्रीय हिताचा विषय मानावा, पेट्रोलवर जादा कर बसवून त्याचा वेगळा निधी करावा आणि तो रस्त्यांवरच खर्चावा, अशा तिच्या सूचना होत्या. त्यानुसार १९२९ साली दर गॅलनमागे दोन आण्यांचा कर बसून रस्ता निधी उभा राहिला. रस्त्यांच्या जाणकारांनी एकत्र जमून विचार करावा ह्या सूचनेतून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था निघाली, ती आजही काम करीत आहे. दिवाळीच्या सुटीत मोटारीने गावी जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी पेट्रोल घेताना मुकुंदरावांचे स्मरण करण्यास हरकत नाही.

न्यायासन

१९३५ च्या कायद्यान्वये दिल्लीस फेडरल कोर्ट स्थापन झाले आणि १९३७ च्या ऑक्टोबरात त्याचे काम सुरू झाले. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, आणि त्यांच्यासमवेत दोन न्यायमूर्ती : सर शाह महंमद सुलेमान आणि मुकुंदराव जयकर. आजच्या सर्वोच्च न्यायालयाची ही पूर्वपीठिका. सबंध देशासाठी बसलेल्या त्या पहिल्या तीन न्यायमूर्तींत आपल्या ज्ञातीचा एक गृहस्थ होता, ही गोष्ट मुलांस सांगण्याजोगी आहे.

कोर्टापुढे आलेला पहिला महत्त्वाचा प्रश्न मोठा योगायोगाचा होता. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने पेट्रोल व वंगण ह्यांच्या किरकोळ विक्रीवर कर बसविला. हा कर प्रांताच्या हक्कातला की मध्यवर्ती सरकारच्या अबकारी अधिकारावरील आक्रमण, असा वाद उपस्थित झाला, आणि गव्हर्नर जनरलनी कोर्टाचा अभिप्राय मागितला. दहा वर्षांपूर्वी पेट्रोलवरील मध्यवर्ती कराची शिफारस ज्यांनी केली, त्यांच्याच समोर आता प्रांताच्या पेट्रोलकराचा प्रश्न आला! १९३८ च्या डिसेंबरात तिन्ही न्यायमूर्तींनी आपापली स्वतंत्र मते लिहिली आणि तिघांनीही कौल प्रांताच्या बाजूने दिला. उत्पादनावरील अबकारी कर वेगळा आणि दुकानातील विक्रीवरील कर वेगळा, हा त्यातील मर्म. केंद्र आणि राज्ये ह्यांच्या करविषयक अधिकारांचा वाद पुढे जेव्हा जेव्हा निघाला, तेव्हा तेव्हा ह्या अभिप्रायाचा आधार घेण्यात आला.

१९३९ साली त्यांची नेमणूक लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर झाली. हिंदुस्थानातील दाव्यांचे शेवटचे अपील तेव्हा तेथे चाले. अमीर अली, सर दिनशा मुल्ला अशा थोर कायदेपंडितांनी भूषविलेल्या त्या आसनावर मुकुंदराव बसले आणि १९४२ साली त्यातून मोकळे झाले. सरकारी वकील कीर्तिकरांचा नातू साम्राज्याच्या अत्युच्च न्यायासनापर्यंत पोचला होता.

रिकाम्या खुर्च्या

निवृत्त झालेल्या न्यायमूर्तींना देशाने पुन्हा बोलाविले ते १९४६ साली. घटनासमितीवर ते मुंबई प्रांतातून निवडून गेले. ता. ९ डिसेंबर रोजी समितीची पहिली बैठक भरली. मुस्लिम लीगचे सभासद आले नव्हते आणि संस्थानांचे प्रतिनिधी यावयाचे होते. ता. १३ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. सभागृह भारावून गेले होते. अशा वेळी ता. १६ रोजी त्र्याहत्तर वर्षांचे मुकुंदराव उभे राहिले आणि त्यांनी दुरुस्ती सुचविली : जे आज येथे नाहीत त्यांना येण्यास अवसर मिळावा म्हणून ह्या ठरावावरील निर्णय पुढे ढकलावा.

सभागृहास हे आवडले नाही. अनेकांनी कडक शब्दांत टीका केली. मुहूर्ताच्या वेळी शिंकावे तसे त्यांचे भाषण पुष्कळांस वाटले. दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकर बोलण्यास उठले, आणि त्यांनीही घाई न करण्याच्या बाजूने आपले वजन टाकले. अखेर निर्णय जानेवारीपर्यंत थांबविण्यात आला. लीग आली नाही ती नाहीच, आणि ता. २२ जानेवारी १९४७ रोजी ठराव एकमताने मंजूर झाला.

मुकुंदरावांचे म्हणणे व्यवहारात फुकट गेले असे कोणी म्हणेल. आम्हांस मात्र ही घटना १९२८ च्या कलकत्त्याशेजारी ठेवून पाहावीशी वाटते. तेव्हा समोर उभ्या असलेल्या प्रतिपक्षास नाही म्हणणारे मुकुंदराव आता गैरहजर प्रतिपक्षाच्या रिकाम्या खुर्च्यांसाठी थांबा म्हणत होते. ह्यास पश्चात्ताप म्हणावे की न्यायासनाने पक्व झालेली बुद्धी म्हणावे, हे आम्ही ठरवीत नाही. परंतु प्रतिवादी हजर नसेल तर त्यास आणखी एक संधी द्यावी, हा कोर्टाचा जुना दंडक होय. आणि लोकांचा रोष पत्करून तो सांगण्यास जे धैर्य लागते, ते अठरा वर्षांपूर्वीच्या विरोधास लागलेल्या धैर्यापेक्षा अधिक होते.

थोड्याच महिन्यांत त्यांनी समितीच्या सभासदत्वाचा राजीनामा दिला. फाळणीमुळे डॉ. आंबेडकरांची बंगालमधील जागा गेली होती. तेव्हा मुंबईतून मुकुंदरावांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर त्यांची निवड करण्यात आली, आणि तेथून ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. ज्या खुर्चीतून राज्यघटनेचे शिल्प घडले, ती खुर्ची आपल्या एका ज्ञातिबांधवाने मोकळी केलेली होती. इतिहासाच्या मोठ्या पुस्तकांत ही नोंद एका ओळीची असते. आपण ती विसरू नये.

पुन्हा शिक्षक

आयुष्याच्या उतरणीवर माणूस बहुधा ज्या कामाने सुरुवात केली त्याकडे परततो. महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विद्यापीठ असावे ह्या विचारासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद मुकुंदरावांनी भूषविले होते. पुणे विद्यापीठाचा कायदा १९४८ साली झाला आणि पहिले कुलगुरू म्हणून त्यांचीच योजना झाली. गणेशखिंडीतील गव्हर्नरांचा जुना प्रासाद विद्यापीठास मिळाला. एकेकाळी जेथे साहेबांच्या मेजवान्या झडत तेथे आता विद्येचे आवार उभारावयाचे होते. पंचाहत्तरीच्या घरात असलेल्या मुकुंदरावांनी हे काम १९५६ पर्यंत वाहिले. गिरगावातील शाळेत खडू हाती घेतलेला तरुण अर्धशतकानंतर कुलगुरू होऊन मुलांत परतला होता.

१९५० साली तेथे ग्रंथालय सुरू झाले, आणि त्यास पुढे त्यांचेच नाव लाभले. २०१४ साली विद्यापीठाचे नामकरण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे झाले. ग्रंथालयास आज जयकर ज्ञानस्रोत केंद्र म्हणतात. पुस्तकांनी भरलेल्या एका घरात जो मुलगा वाढला, त्याचे नाव शेवटी पुस्तकांच्याच घरावर राहिले, ह्याहून समर्पक स्मारक आम्हांस सुचत नाही.

अखेरच्या वर्षांत त्यांनी आपले आत्मचरित्र इंग्रजीत लिहिण्यास घेतले. पहिला खंड १९५८ साली आणि दुसरा १९५९ साली प्रसिद्ध झाला. परंतु कथा १९२५ पर्यंतच आली आणि लेखकास बोलावणे आले. गोलमेज परिषद, फेडरल कोर्ट, प्रिव्ही कौन्सिल, घटनासमिती, विद्यापीठ हे सारे त्यांच्या लेखणीतून उतरावयाचे राहून गेले. त्यांचे कागदपत्र दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेले आहेत. आपल्यापैकी कोणा अभ्यासू तरुणाने अथवा तरुणीने ते पाहून त्यांचे सविस्तर मराठी चरित्र सिद्ध करावे, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

उपसंहार

मुकुंदरावांच्या चरित्रापासून आपल्या कुटुंबांनी काय घ्यावे? सर्वांची मुले न्यायमूर्ती होणार नाहीत, कुलगुरूही होणार नाहीत. जयकर होणे आपल्या हाती नाही. कीर्तिकर होणे मात्र आपणा प्रत्येक आजोबा-आजीच्या हाती आहे. त्यास पैसा लागत नाही, अधिकार लागत नाही. घरात चार पुस्तके असावीत, ती आपण वाचताना नातवंडांस दिसावे, आणि शेजाऱ्याचे, परधर्मीयाचे, प्रतिपक्षाचे म्हणणे त्यांच्या देखत आपण आदराने ऐकून घ्यावे. मुले सांगितलेले विसरतात, पाहिलेले विसरत नाहीत. कधी तरी त्यांच्या हातूनही चुकेल, जसे मुकुंदरावांच्या हातून चुकले असे आम्हांस वाटते. परंतु लहानपणी पाहिलेली रीत आयुष्याच्या एखाद्या वळणावर पुन्हा वर येते आणि माणसास आपल्या जागेवर आणून उभी करते.

आमचे आजोबा जाऊन आता बराच काळ झाला. त्या दिवाळीच्या रात्री ते जयकरांकडून कीर्तिकरांकडे का वळत होते, हे त्यांस विचारावयाचे राहून गेले. गेल्या वर्षी आमची नात पुण्यास शिकावयास गेली. निघताना तिने तेथील ग्रंथालयाची गोष्ट काढली, आणि आम्ही तिला काही विचारण्याच्या आधी तीच आम्हांस विचारू लागली की हे जयकर कोण. प्रस्तुत लेख हे तिला दिलेले उत्तर आहे. आपल्या सर्व ज्ञातिबांधव-भगिनींच्या घरी हा प्रश्न विचारला जावो आणि त्याचे उत्तर देणारे कोणी वडीलधारे माणूस जवळ असो, एवढीच श्रीचरणी प्रार्थना करून, त्या दोन्ही थोर पुरुषांस, नातवास आणि त्याच्या आजोबांस, आम्ही आदरांजली वाहतो.